मिनिटकाकांचे एकोणीस सेकंद

आमच्या ह्यांना हॉकीतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पेनल्टी कॉर्नर कशासाठी मिळतो ते अजून मला विचारतात, आणि मी पुढच्या बाकावरच्या बाईंना विचारते. तरी कॉलेजच्या मुलींच्या टीमचा घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी सत्तावीस वर्षांत चुकवलेला नाही. मैदानावर लहानथोर सगळे त्यांना मिनिटकाका म्हणतात.

धंदा घड्याळदुरुस्तीचा. दुकान कॉलेजच्या फाटकासमोर, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर ह्यांना बाहेर उभं राहावं लागेल. म्हणून गिऱ्हाईक फुटपाथवरच उभं राहतं. भिंतीवर अकरा घड्याळं, अकराही एकच वेळ दाखवणारी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीवर मालकाचं नाव नाही, तक्रार लिहायची. 'रोज चार मिनिटं मागे.' 'पाण्यात पडलं.' 'पडलं नाही म्हणतात, पण पडलं आहे.' नाव विसरलं तरी चालेल, दुखणं विसरायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरातही तेच. जेवण सव्वाआठला म्हणजे सव्वाआठला. पाच मिनिटं उशीर झाला तर बोलत नाहीत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. बोलले असते तर बरं, असं मला चाळीस वर्षं वाटत आलं आहे. मुलगा परगावी नोकरीला असतो आणि मनगटावर घड्याळ बांधत नाही, वेळ फोनमध्ये बघतो. त्यावरून बापलेकांत जे बिनसलं ते नातीच्या जन्मापर्यंत काही सरळ झालं नाही.

हॉकीचं वेड लागलं ते असं. सत्तावीस वर्षांपूर्वी टीमची कॅप्टन खेळखात्याचं बंद पडलेलं स्टॉपवॉच घेऊन दुकानात आली. चावीचं, जड, वर एक कळ: एकदा दाबली की चालू, पुन्हा दाबली की थांबलं. ह्यांनी ते खोललं, साफ केलं, जोडलं. पण एक तास चालवून पाहिल्याशिवाय द्यायचं नाही हा ह्यांचा नियम. त्या पोरीला तर लगेच हवं होतं, सामना होता. मग हे स्वतःच घड्याळ हातात धरून मैदानावर गेले आणि सामनाभर बसून राहिले. पुढे कॉलेजनं नवीन विजेवरचं घड्याळ आणलं आणि हे जुनं ह्यांनाच देऊन टाकलं. हे मात्र बाकावरून काही उठले नाहीत.

हळूहळू प्रथा पडली. शेवटच्या भागात लोक मागून विचारायचे, "काका, किती?" हे सांगायचे, "सहा वीस." शेवटचे दहा सेकंद राहिले की हे उजवा हात वर करायचे, आणि अख्खा बाक मोठ्यानं उलटे आकडे म्हणायचा. दहा, नऊ, आठ. शून्य म्हटलं की त्याच क्षणाला टेबलावरचा भोंगा वाजायचा. कधी मागे नाही, कधी पुढे नाही. खेळणाऱ्या मुलींनाही त्याची सवय झाली होती. शून्य ऐकलं की स्टिक वर करून आमच्याकडे बघायच्या. ही सवयच पुढे नडली.

गेल्या हंगामात टीम चांगली होती. गोलकीपर तर अशी की वर्षभरात बरोबरीनंतरचा एकही शूटआउट हरली नव्हती. तिच्यापुढे एक उंच पोर बचावाला उभी राहायची, तिला सगळे भिंत म्हणायचे. आई शिवणाच्या कारखान्यात कामाला, वडील नाहीत. पोर कमी बोलायची आणि तिच्या बाजूनं चेंडू जायचा नाही. टीम उपांत्य सामन्यात पोचली. पुढचा सामना अंतिम, आणि अंतिम सामना आमच्या कॉलेजनं सोळा वर्षांत पाहिला नव्हता.

सामना दुसऱ्या गावात, बसनं अडीच तास. चाहत्यांची एक बस निघाली, बेचाळीस माणसं. पुढारी म्हणजे गणिताचे सर. ते निवृत्त झालेत, पण अजून कोणी समोर दिसलं की पाढे विचारतील असं वाटतं. भिंतची आई पुढून तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. आमच्याबरोबर शाल, छत्री आणि चहाचा थर्मास. थर्मास माझा. आम्ही दोघंही निवृत्तीच्या वयाचे, पण मी खरोखर निवृत्त आहे. बत्तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारले, आता स्वतःचा चहा तरी वेळेवर प्यायचा असं ठरवलंय.

तिथल्या मैदानाच्या पाटीवरचं घड्याळ बिघडलेलं होतं. गोल दिसत होते, वेळ दिसत नव्हती. वेळ ठेवायला टेबलामागे एक बाई बसल्या होत्या, हातात घड्याळ आणि शेजारी भोंग्याचं बटण. ह्यांनी जाता-येता त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. घड्याळ दोन्ही हातांत धरतात." ह्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. माझ्या वाट्याला तर एवढीही आलेली नाही.

तीन भाग झाले, एक-एक गोल झाला. चौथा आणि शेवटचा भाग निम्मा होत आला तेव्हा मला चहाची तलफ आली. थर्मासचं झाकण घट्ट बसलं होतं. मी थर्मास ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "एवढं उघडून द्या हो." ह्यांनी स्टॉपवॉच गुडघ्यावर ठेवलं, झाकणाशी झटापट केली, रुमालानं धरून फिरवलं, उघडलं, हात पुसले. वर बघतात तर समोरच्या टीमची एक मुलगी कडेला बसलेली आणि डॉक्टर तिच्या घोट्याला पट्टी गुंडाळतायत. पंचांनी खेळ थांबवला होता. ह्यांनी लगेच कळ दाबली. खेळ सुरू झाला तेव्हा पुन्हा दाबली. त्याचं पुढे कुणालाच काही वाटलं नाही. चहा चांगला गरम होता.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हाही एक-एकच. बरोबरी राहिली की शूटआउट, आणि शूटआउट म्हणजे आमची गोलकीपर, म्हणजे अंतिम सामना खिशात. आम्हाला फक्त वेळ संपायला हवी होती. ह्यांनी हात वर केला. बेचाळीस माणसांनी जीव तोडून आकडे म्हटले. शून्य झालं. मैदानात भिंतच्या पायाशी चेंडू होता. तिनं स्टिक उचलली, सरळ झाली आणि घरच्या मैदानावर बघायची तशी आमच्याकडे बघून हसली.

भोंगा वाजला नाही. त्यांची एक काटकुळी पोर तिच्या बाजूनं चेंडू घेऊन निघून गेली. गोल झाला तेव्हा आमच्यातले अर्धे लोक अजून हात वर करून उभे होते. मग खेळ पुन्हा सुरू झाला, दोन-तीन फटके झाले, आणि मग भोंगा वाजला.

परतीची बस अर्ध्या तासानं हमरस्त्याला लागली. मग कॉलेजच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "भिंतीला भेग होतीच म्हणायची." कुणीतरी हसलं. मागून एक जण म्हणाला, "शाळेतल्या पोरींनाही कळतं, भोंगा होईपर्यंत खेळायचं. ही आमच्याकडे बघून हसत काय बसली?" पुढे तिसऱ्या बाकावर तिच्या आईनं खिडकी बंद केली. वारा नव्हता. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तेवढ्यात गणिताचे सर उठून उभे राहिले. "पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "भोंगा उशिरा वाजला. काकांचं घड्याळ शून्यावर आलं होतं. ह्या घड्याळानं कधी चूक केलीय? टेबलावरच्या बाईनं वेळ जास्त दिली."

बसमध्ये जीव आला. हरलेल्या माणसाला दोष द्यायला कुणी सापडलं की निम्मं दुःख उतरतं. सर म्हणाले, दोन दिवसांच्या आत लेखी तक्रार केली तर स्पर्धेची समिती ऐकून घेते. गोल रद्द होऊ शकतो. मग बरोबरी धरून शूटआउट घ्यावा लागेल. "काका, तुमच्या घड्याळात नक्की शून्य होतं ना?"

"होतं," हे म्हणाले. आणि ते खरंच होतं.

त्या रात्री हे सव्वाआठला ताटावर बसले आणि जेवले नाहीत. सकाळी उठले ते थर्मास शोधायलाच. मी चहा केलाय असं म्हटलं, तर म्हणाले, "चहा नको. यात गरम पाणी भर आणि झाकण काल लावलं होतंस तसं लाव."

"कसं लावलं होतं?"

"तू लावतेस तसं. जन्माचं वैर असल्यासारखं."

मी लावलं. ह्यांनी खुर्चीत बसून थर्मास मांडीवर घेतला आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. झटापट, रुमाल, फिरवणं, हात पुसणं, वर बघणं. मग म्हणाले, "थांबव." मी कळ दाबली. एकोणीस सेकंद. पुन्हा करायला लावलं. अठरा. तिसऱ्यांदा वीस. थर्मास टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सरांनी कुणाच्या तरी फोनमधलं चित्रण बघून मोजलंय. गोलनंतर थांबलेली वेळ सोडून, आपल्या शून्यापासून भोंग्यापर्यंत एकोणीस सेकंद."

मला जे सुचलं ते मी बोलले, आणि ते काही फार चांगलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी म्हटलं. थर्मास कुणी पाहिला नाही. सही केलीत तर पोरीवरचा ठपका जातो, टीमला संधी मिळते, तुमचं नाव राहतं. चाळीस वर्षं तुमच्याकडून गेलेलं घड्याळ परत आलेलं नाही, आणि आता स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापून घेणार का?

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि त्या टेबलावरच्या बाई?"

"त्यांचं काय?"

"त्यांनी घड्याळ दोन्ही हातांत धरलं होतं."

मी पुटपुटत राहिले, कारण गप्प बसले असते तर थर्मासचं झाकण आठवलं असतं.

रविवार असूनही संध्याकाळी दुकान उघडलं. दहा-बारा जण फुटपाथवर जमले. सरांनी दोन पानी तक्रार लिहून आणली होती, सुवाच्य अक्षरात, मुद्द्यांना क्रमांक घालून. प्राचार्यांची सही झालेली होती. खाली रिकामी रेघ, आणि रेघेखाली ह्यांच्यासाठी लिहिलेलं: 'अनुभवी वेळमापक.' ते दोन शब्द ह्यांनी भिंग लावून वाचले. मी आतल्या स्टुलावर बसले होते. मला ह्यांचे कान दिसत होते, ते लाल झाले होते.

"घड्याळ बरोबर आहे," हे म्हणाले. "मी चुकलो. पंचांनी खेळ थांबवला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. एकोणीस सेकंद कळ दाबली नाही. भोंगा वेळेवर वाजला."

सरांनी विचारलं, "लक्ष कुठं होतं?"

"नव्हतं," हे म्हणाले. "एवढंच."

थर्मासबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मी मागे बसून होते, तोंड उघडून सांगायला फार वेळ लागला नसता. मी मूग गिळून बसले. बाहेर पंक्चरवाला हळूच म्हणाला, "मग आपण बेचाळीस जणांनी मिळून पोरीला थांबवलं की." सरांनी कागदाची आधी एक घडी घातली, मग दुसरी. एवढं सुंदर लिहिलेलं फुकट गेलं, याचं दुःख त्यांना हरण्यापेक्षा जास्त झालं असावं. जाताना ते ह्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे चार महिने बोलले नाहीत.

लोक वाईट वागले असं नाही म्हणणार मी. एकानं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तसंच उघडं परत नेलं. एक जण रोज दुकानासमोरून जाताना, "काका, किती वाजले?" असं विचारायचा आणि पुढे जाऊन हसायचा. हे रोज त्याला बरोबर वेळ सांगायचे. स्टॉपवॉच त्यांनी खोलून साफ केलं, दर हंगामानंतर करतात तसं, आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. चिठ्ठी बांधली होती. मी हळूच वाचली. 'घड्याळ ठीक. धरणारा चुकला.' मला तिथं रडू आलं. मग मी डोळे पुसले आणि ड्रॉवर होता तसा लावला.

महिन्याभरानं भिंत दुकानात आली. मी डबा द्यायला गेले होते. तिनं आईचं गजराचं घड्याळ आणलं होतं, आतला काटा सैल झालेला. ह्यांनी तक्रार लिहून घेतली, चिठ्ठी बांधली, आणि मान वर न करता म्हणाले, "तू थांबलीस ती माझ्या आकड्यावर. तुझी त्यात चूक नाही."

"आहे, काका," ती म्हणाली. "कोच पहिल्या दिवसापासून सांगतात, कान भोंग्याकडे. मी तुमच्याकडे दिला."

"मी आकडा चुकीचा सांगितला."

"मी ऐकला."

असं त्यांचं चाललं होतं, जसं काही दोघांना एकच वस्तू घरी न्यायची होती. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "थर्मास माझा होता. झाकण ह्यांना उघडायला मी दिलं, भर खेळात. त्यातच कळ दाबायची राहिली." हे माझ्याकडे बघतच राहिले. पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

"म्हणजे एक गोल खायला आपण तिघं लागलो," ती म्हणाली, आणि हसली. मग मी संध्याकाळी तिच्या आईकडे जाऊन तेच सांगितलं. त्या मशीनवर काहीतरी शिवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बसा. चहा घेऊन जा." मी बसले.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा हे येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. एक बाक मागे, कडेला बसले, हात कोटाच्या खिशात. आकडे सर सांगणार होते, फोनमधल्या घड्याळावर. पहिलाच सामना, आम्ही एका गोलनं पुढे, शेवटचा भाग. लोक सरांना विचारत होते, "सर, किती?" सर सांगत होते. मध्ये एकदा चेंडू बाहेरच्या जाळीत अडकला आणि पंचांनी हात वर करून खेळ थांबवला. तेव्हा सर कुणाला तरी नियम समजावून सांगत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते. कोटाच्या खिशात काहीतरी हललं.

शेवटी सरांनी हात वर केला. दहा, नऊ, आठ. मी म्हटले नाहीत, ह्यांनीही नाहीत. शून्य झालं, लोक उभे राहिले. भोंगा वाजला नाही. मैदानात भिंतनं वर बघितलं नाही. तिची स्टिक जमिनीलाच होती, गुडघे वाकलेले होते. समोरून जोरात चेंडू आला, तिनं तो अडवला आणि कडेला मारला. मग भोंगा वाजला.

पुढच्या बाकांवरचे लोक वळून मागे बघायला लागले. सर फोन हलवून बघत होते. हे खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत होते.

"सरांचं शून्य झालं तेव्हा तुमच्या खिशात किती राहिले होते?" मी हळूच विचारलं.

"चार," हे म्हणाले. "सरांना सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पिशवीतून थर्मास काढला. झाकण मी आता स्वतःच उघडते, जोर लावून, भोंगा वाजल्यानंतर.